मेहूरने हात का सोडला

दिल्लीत मराठी बोलायचं एक सुख आहे, ते पुण्यात नाही. मेट्रोत, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, कोणाच्या तोंडावर काहीही बोला, कुणाला ओ की ठो कळत नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ मानस तर यात तरबेज. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या ढेरीपासून शेजारणीच्या विगपर्यंत सगळं मोठ्या आवाजात, चेहरा सरळ ठेवून. आई ओरडते, "अरे, एखाद्या दिवशी कुणीतरी मराठी निघेल आणि थोबाड फोडेल!" गेल्या मंगळवारी निघालं. आणि गंमत म्हणजे तेव्हा आम्ही कुणाची टिंगलसुद्धा करत नव्हतो.

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दिल्लीतल्या आमच्या द्वारका भागातल्याच एका हॉस्पिटलात. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू एकाच मजल्यावर, त्यामुळे नातेवाइकांना बसायला हॉलही एकच. आईला आत नेलं होतं, मानस नोएडाहून यायचा होता. मला मेलीला रिकामं बसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी. मी विचारलं, "अंकलजी, आपका कौन है अंदर?"

त्यांची बायको होती. फुफ्फुसं निकामी होत आलेली, बरीच वर्षं आजारी. डॉक्टरांनी सकाळीच त्यांना विचारलं होतं, व्हेंटिलेटर लावायचा की घरी न्यायचं. लावून फार काही साधणार नाही, हेही सांगितलं होतं. आजोबांनी घरी न्यायचं ठरवलं होतं आणि ते ॲम्ब्युलन्सची वाट बघत होते. "उसने खुद मुझसे कहा था, मशीन मत लगवाना," ते म्हणाले. मी म्हटलं, "बिल्कुल सही किया आपने." अगदी मनापासून म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले. सकाळपासून असं कुणीच म्हणालं नव्हतं म्हणे. मुलगा तिकडे कॅनडात, तो फोनवर नुसता रडत होता.

हे सगळं बोलणं दिल्लीच्या ठसठशीत हिंदीत झालं. मला शंकासुद्धा आली नाही.

तेवढ्यात मानस आला, समोशांची पिशवी घेऊन. आईची चौकशी करून झाली आणि लगेच साहेबांचा विषय सुरू. "ताई, बातमी कळली का? 'सात शिखरं'चा सहावा भाग डिसेंबरात येतोय!"

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'सात शिखरं' ही आमची लाडकी कादंबरीमाला. जाडजूड पाच भाग, राक्षस, लढाया, सगळा मालमसाला. त्यात मेहूर नावाचा झोपेचा देव आहे. त्याची बायको सिवेरा साधी माणूस. तिला विषबाधा होते, आणि मेहूर तिचा हात धरून बसतो. त्याने हात धरलाय तोवर तिचा श्वास चालू. शंभर वर्षं धरतो, आणि पाचव्या भागाच्या शेवटी सोडतो. का सोडला, ते लेखकाने लिहिलेलंच नाही! त्या न लिहिलेल्या वाक्यावरून आमच्यासारखे रिकामटेकडे इंटरनेटवर एकमेकांच्या झिंज्या उपटत असतात. मानसचं म्हणणं, दया आली म्हणून सोडला. माझं म्हणणं वेगळं, आणि आता सांगायला लाज वाटते, पण वाचणाऱ्यांत माझीच थिअरी गाजलेली आहे.

"दया कसली डोंबलाची!" मी समोशाचा कोपरा मोडत म्हटलं. "कंटाळला तो. नीट वाच ना यार. वैद्याला सारखं विचारतो, अजून किती दिवस? का विचारतो? मग घोड्याला खरारा करून ठेवा म्हणतो. हात सोडायच्या आधी! म्हणजे नंतर काय करायचं ते स्वारीने आधीच ठरवलेलं."

"पण सिवेरानेच सांगितलं होतं ना, सोड मला म्हणून?"

"कोणी ऐकलं ते?" माझ्या अंगात संचारलं होतं. "सांग की! खोलीत दोघंच. ती असं म्हणाली हे आपल्याला सांगतो कोण? हाच! आणि तिला विचारावं तर ती आहे कुठे? किती छान सोय आहे बघ. सुटायचं असतं आपल्याला, आणि नाव बायकोच्या इच्छेचं. वर पुन्हा रडायचं, म्हणजे लोक हळहळतात."

मानसने टाळी दिली. "मानलं बाई तुला."

मी खूश. इतकी खूश की शेजारची खुर्ची करकरली तेव्हा तिकडे बघितलंही नाही.

"बाई, एक विचारू का?"

मराठीत. स्वच्छ, थोड्या जुन्या वळणाच्या मराठीत. मी समोसा तसाच हातात धरून वळले.

"आम्ही शितोळे," आजोबा म्हणाले. "मूळचे ग्वाल्हेरचे. तीन पिढ्या दिल्लीत झाल्या, घरात मात्र मराठीच. तुम्ही पुस्तकातल्या देवाविषयी बोलत होता, ते कळलं मला. माझ्यावर नव्हतं ते."

"अहो नाही, नाही! काका, शप्पथ नाही!"

"हो, हो. पण मीसुद्धा सकाळी डॉक्टरांना विचारलं हो, किती दिवस म्हणून. दोनदा विचारलं." ते अगदी शांतपणे बोलत होते, हिशेबातली चूक शोधावी तसं. "आणि दूधवाल्याला कालच सांगून टाकलं, उद्यापासून अर्धाच लिटर दे. का सांगितलं असेल मी? ती तर अजून आहे."

मानस पिशवीची घडी घालत बसला, शहाणा.

"आणि सुरेखा मशीन नको म्हणाली, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो."

अगं बाई! मी त्यांचा हातच धरला. म्हटलं, काका, ते नुसतं गोष्टीतलं आहे, आम्ही उगाच कीस पाडत बसतो. म्हटलं, तो मेहूर खोटारडाच आहे, पहिल्या भागापासून, तुमचं त्याचं काय! मानसची थिअरीसुद्धा सांगून बघितली, दयेची. सांगताना माझं मलाच कळत होतं किती लंगडी वाटतेय ती. तीन वर्षं मीच तिच्या चिंध्या केल्या होत्या.

"तुम्ही फार बारकाईने वाचता," आजोबा म्हणाले. बोचरं नव्हतं ते, कौतुकच होतं, आणि त्याचीच मला जास्त शरम वाटली. "मी दमलोय, बाई. फार दमलोय. रात्री तिचा श्वास ऐकत पडायचं आणि मनात यायचं, हे आता संपावं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग ती नको म्हणाली म्हणून मी मशीन नाकारलं, की मला हवं होतं म्हणून मला तसं ऐकू आलं? सकाळपर्यंत ठाऊक होतं मला. आता नाही सांगता येत."

ते उठले. काउंटरवर गेले आणि सिस्टरला म्हणाले, "ॲम्ब्युलन्स कैंसल कर दीजिए. मशीन लगा दीजिए."

मी मागे धावले. आयसीयूच्या दारात गार्डने हात आडवा केला, "मैडम, सिर्फ़ रिश्तेदार." काय सांगणार होते मी त्याला? की ह्या म्हाताऱ्याला थांबवा, मी ह्याच्याशेजारी बसून एका खोट्या देवाच्या मनातलं खोटं पाप सिद्ध करून दाखवलंय? तोंड वर करून बघायचीही लाज वाटत होती. मानस म्हणाला, "ताई, आपण मुद्दाम थोडंच केलं." त्याला म्हटलं, गप बस.

आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर आल्या आल्या तिने विचारलं, जेवलात का रे पोरांनो? मला रडूच कोसळलं. आईला वाटलं तिच्या काळजीने रडतेय, आणि ती बिचारी मलाच थोपटत बसली.

दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते. मी औषधं घेऊन हॉलमधून चालले होते, तर आजोबांनीच हाक मारली. भेटायची वेळ होती. गार्डला म्हणाले, "मेरे साथ है," आणि मला आत घेऊन गेले.

सुरेखाकाकू एवढ्याशा होत्या. तोंडात नळी, ती गालाला पट्टीने चिकटवलेली. दोन्ही मनगटं बँडेजने पलंगाच्या दांड्यांना बांधलेली. सिस्टर म्हणाली, "अंकल, बार-बार ट्यूब खींच रही थीं, इसलिए बाँधना पड़ा." आम्ही बघत होतो तेव्हाही त्यांची बोटं उघडत होती, मिटत होती, वर यायला धडपडत होती. डोळे उघडे होते. नवऱ्याकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या, नळीने जेवढी हलू दिली तेवढी.

"नकोच म्हणत होती," आजोबा म्हणाले. "ऐकलं होतं मी. बरोबर ऐकलं होतं."

राउंडवर डॉक्टर आले. तरुण होते, दमलेले होते, वाईट नव्हते. आजोबांनी त्यांना विचारलं, आता काढता येईल का, घरी नेता येईल का. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, लावायच्या आधी नको म्हणणं वेगळं होतं. एकदा लावल्यावर काढायचं तर डॉक्टरांच्या दोन समित्या बसतात, मुलाचीही संमती लागेल, वेळ जाईल. तोवर असंच ठेवावं लागेल. आणि मग त्यांनी विचारलं, "अंकल, कल सुबह तो आपने साफ़ मना किया था. फिर अचानक क्या हुआ? किसी ने कुछ कहा आपसे?"

आजोबांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"नहीं बेटा," ते म्हणाले. "मैं ही डर गया था."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते, औषधांची पिशवी हातात धरून. दिवसभर ज्या तोंडाला खळ नसतो, त्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.