पातेल्यावरची झांज

मी बोलतेय. इकडे नाही, वर बघा, स्वयंपाकघराच्या दाराशी. खिळ्याला टांगलेली, एका बाजूने जरा उचललेली, ती मी. कारखाना बघायला आलेले पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ही केवढी जुनी असेल!" बाईमाणसाचं वय असं चारचौघांत काढू नये, एवढं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मी फक्त चार वर्षांची आहे. अंगावरचे डाग वयाचे नाहीत, रश्श्याचे आहेत. ते कसे पडले, तेच सांगते.

माझा जन्म इस्तंबूलच्या कडेला, ड्रमच्या झांजांच्या याच कारखान्यात झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून साच्यात ओतलं, आणि मी पावाएवढा गोळा होऊन बाहेर पडले. मग मला तापवून लाटलं, पुन्हा तापवलं, पुन्हा लाटलं. मधोमध घुमट काढला, त्याला भोक पाडलं, लालबुंद होईस्तोवर भाजलं आणि मिठाच्या पाण्यात बुडवलं. एवढे हाल सोसूनही मी बादलीसारखीच वाजत होते. झांजेला आवाज येतो तो हातोड्याने, आणि हातोडा होता नुसरेत उस्तांचा. उस्ता म्हणजे इकडे मुरलेला कारागीर.

उस्ता चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसतात. झांज ऐरणीवर धरायची, डाव्या हाताने फिरवत राहायची आणि उजव्या हाताने ठोके घालायचे. पुढचा ठोका कुठे पडायला हवा, हे ते ऐकून ठरवतात, अशी त्यांची ख्याती. लांबलांबचे ड्रमवाले ते बघायला येतात.

माझी पाळी होती त्या दिवशी अंकाराहून एदिझ नावाचा असाच एक ड्रमवाला आला. त्याला चहा दिला, समोर बसायला स्टूल दिलं. बसल्या बसल्या त्याच्या पायाने ताल धरला. ड्रमवाल्यांचे पाय स्वस्थ राहत नाहीत, त्यात त्याचा दोष नाही. पण तो नवाकोरा तपकिरी बूट वरखाली होत राहिला आणि बघता बघता उस्तांचा हातोडा बुटाच्या मागे चालू लागला. जिथे दाट हवे होते तिथे ठोके विरळ पडले, जिथे विरळ हवे होते तिथे दाट. माझी एक कड वर आली ती कायमची.

मला नवल एकाच गोष्टीचं वाटलं. बुटाचा तळ रबराचा होता. त्याचा आवाज होतच नव्हता. उस्ता ऐकत नव्हते, बघत होते.

पुढे कारखान्यातल्या वेदातने मला लेथवर फिरवून सोललं. वेदात हाताने हलका आणि जिभेने तिखट. त्याने मला दांडीने वाजवलं आणि म्हणाला, "उस्ता, ही झांज आहे की रेडा?"

उस्तांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला हातही न लावता निकाल दिला. "त्या बुटवाल्याने घोळ घातला. वितळवून टाका. खराब नग माझ्या कारखान्यात राहत नाही, चाळीस वर्षं सांगतोय."

भट्टी पेटायची होती महिन्याच्या पहिल्या सोमवारी. म्हणजे माझ्या हाती अठरा दिवस होते.

त्याच आठवड्यात हाजेरताईंच्या मोठ्या पातेल्याचं झाकण पिचलं. कारखान्याचं जेवण त्यांच्याकडे. त्या आल्या आणि मला उचलून म्हणाल्या, "मरायचीच आहे तर तोवर मला द्या. वाफ जायला भोकसुद्धा आहे." मैफिलीची स्वप्नं बघणारी मी घेवड्याच्या रश्श्यावर जाऊन बसले. दोन दिवस मी रडले. ते वाफेचं पाणी होतं, असं हाजेरताई म्हणतात.

तिथून मला एक रोजचा खेळ दिसायचा. बारा वाजले की हाजेरताई दारातून ओरडायच्या, "जेवायला या!" सगळे हातोडे थांबायचे, उस्तांचा सोडून. बाकीची स्टुलं रिकामी दिसली की मग ते उठायचे आणि गार घेवडा खायचे. "उस्ता कामात बुडालेत," असं म्हणत सगळे ताटात बघायचे.

एक दिवस झाकण काढताना हाजेरताईंचा डाव माझ्यावर आपटला. बाकीच्या झांजा बारीक, उंच आवाजाच्या. मी मात्र खालून, पोटातून हंबरले. ओळीत पहिली मान वर झाली ती उस्तांची.

"कुणी वाजवलं?" ते दारात येऊन म्हणाले.

"डाव लागला चुकून."

"परत लागू दे."

हाजेरताईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. परत डाव मारला. उस्ता मान हलवत उभे राहिले. त्या दिवशी पंगतीत ते पहिले बसले आणि घेवड्याने जीभ भाजून घेतली. हाजेरताई कुणाला काही बोलल्या नाहीत. रोज बारा वाजता डाव मात्र चुकून लागत राहिला.

पहिला सोमवार आला. वेदात घण घेऊन स्वयंपाकघरात शिरला, कारण भट्टीत जायच्या आधी आमचे तुकडे करतात. "ताई, झाकण द्या."

"आणि रस्सा काय उघडा ठेवू?" म्हणत हाजेरताईंनी मला पदराआड नव्हे, चक्क पाठीमागे लपवलं. पण त्यांची नजर उस्तांवर होती. मला वाचवणं हाजेरताईंच्या हातात नव्हतंच.

उस्ता भिंतीला टेकून उभे होते. ज्या माणसाच्या कानावर कारखान्याचं नाव उभं, त्याने आता गप्प राहावं, की तोंड उघडावं? गप्प राहिले असते तर मी गेले असते आणि त्यांचं गुपित राहिलं असतं. मी तरी त्यांना दोष दिला नसता.

"ती राहू दे," उस्ता म्हणाले.

"का बरं? तुमचाच नियम."

"मला तिचा आवाज येतो. बाकी एकीचाही नीट येत नाही. दीड वर्ष झालं."

वेदातने घण खाली ठेवला. मग त्यांच्या समोर येऊन, ओठ दिसतील असा सावकाश म्हणाला, "आम्हाला माहीत आहे, उस्ता. दीड वर्ष तुमची प्रत्येक झांज मी मागून वाजवून बघतो. हात तुमचा अजून पक्का आहे. फक्त बूट दिसला नाही पाहिजे."

"माहीत होतं, आणि बोलला नाहीत?"

"बोलत होतो की. तुमच्या मागे बसून, मोठमोठ्याने."

"काय बोलत होता?"

"ते आता नाही सांगणार."

उस्ता हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. माझ्याही कडेवरून एक थेंब ओघळला, आणि तेव्हा तर वाफ नव्हती.

त्या दिवसापासून ठोके उस्ता घालतात आणि कान वेदातचा असतो. त्यात लपवाछपवी नाही. समोर पाहुण्यांसाठी स्टूल नाही, तेवढं सोडलं तर काही बदललेलं नाही. मला घासूनपुसून इथे टांगलं. विकायच्या झांजेवर करतात तशी उस्तांनी माझ्या पोटावर शाईने सही केली. खराब नगावर त्यांनी केलेली ही एकच सही आहे, हे मी येणाऱ्या प्रत्येक नव्या झांजेला ऐकवते. त्या कंटाळतात.

बारा वाजत आले. हाजेरताई डाव धुतायत. माझा आवाज काही सुरेख नाही, तुम्ही कानांवर हात ठेवलेत तरी मला वाईट वाटणार नाही. फक्त त्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे लक्ष ठेवा. सगळ्यात आधी तेच रिकामं होतं.