कनवटीची चावी

आमच्या घरी कुणी यंत्रात हात घालणार असेल, तर त्या यंत्राचा फ्यूज काढून घरातल्या दुसऱ्या माणसाने मुठीत धरून बसायचं. ही रीत मीच पाडली. तिला आता चाळीस वर्षं होत आली.

त्या साली विहिरीवर पट्ट्याने चालणारा पंप बसवला होता. एके दिवशी लाइट गेलेली म्हणून माझे यजमान, पंडितराव, वाकून पट्टा नीट करत होते. मध्येच खोपीतला दिवा लागला. वाटेकरी धुळाजीला ते वाकलेले दिसले नाहीत. पाणी का थांबलं म्हणून त्याने स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. ते ओरडलेसुद्धा नाहीत. मी शेंगा निवडत होते, वर बघितलं तर ते स्वतःच्या हाताकडे पाहत उभे होते. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. पुढची सगळी वर्षं ते अंगठा आणि करंगळीत कप धरून चहा प्यायचे. मला तो कप अजून दिसतो.

माझा मुलगा रामेश्वर कडा गावात मोटारी भरतो, म्हणजे पंपाची जळालेली मोटार आणायची आणि आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळायची. त्याचं सगळं काम बोटांवर. दिवाळीच्या आधी त्याने पुण्याच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. तिची ड्रायव्हरची सीट बटणावर मागे-पुढे होते. पंधरा दिवसांत ती पार पुढे जाऊन अडकली. बटण दाबलं की खालून नुसतं टक् वाजायचं. ठेंगणी मंजुषा, माझी सून, कशीबशी बसायची. रामेश्वरच्या छातीला स्टेअरिंग टेकायचं. नगरच्या गॅरेजवाल्याने सीटखालची मोटार नवी मागवावी लागेल म्हणून सांगितलं. रामेश्वर म्हणाला, मोटारीच तर भरतो मी, ही काय वेगळी असणार.

दुपारी मंजुषा आष्टीला गेली आणि त्याने अंगणात गाडीचं मागचं दार उघडलं. आमची गल्ली रिकामी होती, सगळी बिऱ्हाडं ऊसतोडीला गेलेली. मी आधी चावी मागितली.

"आता गाडीला बी तुझी परवानगी लागती का?" तो हसला. पण चावी दिली. मी ती कनवटीला खोचली, वरून हात ठेवला, आणि माझ्या जिवाला स्वस्थ वाटलं. त्यालाही वाटलं असणार. चावी आईकडे, म्हणजे यंत्र मेलं, हे तो लहानपणापासून शिकला होता.

तो मागच्या बाजूला पालथा पडून सीटखाली हात घालून चाचपत होता. टक् वाजतं म्हणजे मोटार जिवंत आहे, म्हणाला, सीट सरकते त्या रुळातच काहीतरी अडकलंय. मी पुढच्या उघड्या दारात बॅटरी धरून उभी होते. रुळातून सोयाबीनचे दाणे निघाले, मग एक पीन निघाली, मंजुषाच्या केसांची. अजून खोल काही आहे का बघतो म्हणाला आणि मला उजेड खाली धरायला सांगितला.

माझे गुडघे वाकत नाहीत. मी सीटच्या कडेला हात टेकला आणि वाकले.

हाताखाली काहीतरी सरकलं. सीटच्या पोटातून घूं असा आवाज आला आणि सीट मागे चालू लागली.

चावी माझ्या कनवटीला होती. माझ्या डोक्यात एवढंच येत होतं, चावी तर माझ्याकडे आहे. सीट हलते म्हणून घाबरून मी तीच कड आणखी घट्ट धरली, आणि ती आणखी मागे गेली. तेव्हा कुठे मी हात सोडला. आवाज थांबला. सीटही तिथेच थांबली.

रामेश्वर ओरडला नाही. त्याचे वडीलही ओरडले नव्हते.

"आई," तो हळू म्हणाला, "हात न्हाई निघत."

मी कुणाला तरी बोलावते म्हटलं. पण बोलावणार कुणाला? सगळ्या दारांना कुलपं. मला वाटलं, धुळाजीनेही असंच बटण दाबलं होतं, त्याच्याही मनात काही नव्हतं.

"कुटं जाऊ नको. तुज्या हाताला लागलं ते बटण हाय. आडवं. त्येच पुढं ढकल."

"पुढं म्हणजे कुणीकडं?"

"स्टेरिंगकडं. शेजारी उभं बटण हाय, त्याला हात लावू नको, सीटची पाठ माज्या डोक्यावर येईल."

चष्मा ओट्यावर राहिला होता. मी कडेवरून बोट फिरवलं. दोन बटणं लागली, एक आडवं, एक उभं. मी आडव्यावर बोट ठेवलं आणि थांबले. बोट चुकून मागे गेलं तर? त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बॅटरी खाली पडून उजेड दुसरीकडेच पडला होता.

"आई, ढकल."

मी ढकललं. घूं झालं. एक क्षण मला कळेचना सीट कुठे चालली आहे. मग तिची कड माझ्या मनगटाला घासत पुढे गेली.

तो मागून बाहेर आला. उजवा हात काळ्या ग्रीसने भरलेला, त्यात लाल. मी पदराने पुसायला गेले, तर त्याने आधी एकेक बोट हलवून दाखवलं. दोन बोटांची साल गेली होती, एका नखाखाली रक्त साकळलं होतं. मी पुन्हा हलवायला लावलं. त्याने पुन्हा हलवलं.

बराच वेळ आम्ही दोघं ओट्यावर बसलो. चावी न लावताही या सीटला थेट गाडीच्या बॅटरीतून लाइट मिळते, हे मला त्याने तिथे सांगितलं. मोटारी भरणाऱ्याला हे कळायला पाहिजे होतं, असंही म्हणाला. मला कळायला पाहिजे होतं असं मला वाटत होतं.

मग त्याने बॉनेट उघडून पान्याने बॅटरीची तार काढली, फडक्यात गुंडाळली आणि पाना माझ्या हातात दिला. मी चावी कनवटीतून काढून खुंटीला अडकवली. उरलेलं काम होईपर्यंत मी पाना घेऊन त्या तारेसमोर खुर्ची टाकून बसले, तिच्यावरची नजर काढली नाही.

तिन्हीसांजेला मंजुषा आली. तिने पीन ओळखली, आणि आमच्या तोंडांकडे बघितलं. चहा टाकला. रामेश्वरने कपाला हात घातला तेव्हा मी माझा कप खाली ठेवला. त्याने आपला कप पाचही बोटांनी उचलला. नख दुखावलेल्या बोटात जरा कळ आली असावी, पण उचलला.