माझा पोकळ जोडीदार

मित्रांनो, मी एक जुना अमोनाइट आहे. इतका जुना, की आजचे डोंगर तेव्हा समुद्रतळाचा चिखल होते. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला माझा शंख आणि त्यात माझा मऊ देह. पोहायचो, खायचो, मिरवायचो. मेलो, चिखलात रुतलो आणि दगड झालो.

मग कधीतरी हातोडा पडला. दगड दुभंगला. एका फाळक्यात मी, दुसऱ्यात माझा ठसा. ठसा म्हणजे काय, नुसता खड्डा! त्या घावात माझ्या मधल्या वेढ्यांचा भुगा झाला, त्याला मात्र ओरखडाही नाही.

संग्रहालयात दगड साफ करणाऱ्या मावशींनी सुईनं, ब्रशनं आम्हा दोघांची माती काढली. पण त्या रजेवर असताना सुतारानं कपाट लावलं आणि आत ठेवलं कुणाला? खड्ड्याला! शिवाय दिवाही खालच्या बाजूला बसवला. त्या उलट्या उजेडात तो चक्क फुगीर दिसायला लागला.

"काय उठून दिसतोय!" संग्रहालयाचे साहेब म्हणाले.

मी मात्र वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी. समोर आयत्या बिळावरचा हा नागोबा! पोरं काचेला नाक लावायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शरीर माझं, मरण माझं, कौतुक त्याचं!

एकदा दिवा गेला. नवा वरून लावला, आणि पितळ उघडं पडलं.

"अहो, हा तर खड्डा!" साहेब ओरडले. "फेका तो. खरा आणा."

देव पावला! मला उचलून टेबलावर ठेवलं. शिपाई ठसा घेऊन कचऱ्याकडे निघाला. जा, जा, म्हटलं मी.

"थांब रे!" मावशी धावल्या. "याचे मधले वेढे फुटलेत, दिसत नाही का? ते त्या खड्ड्यातच उमटलेत. तो गेला, तर मी याला चेहरा कुठून देऊ?"

त्यांनी ठशात मऊ लगदा दाबला. वाळल्यावर अलगद सोडवला. नाजूक, रेषारेषांचे मधले वेढे. माझेच! ते त्यांनी माझ्या खाचेत बसवले. इतका काळ ते त्यानं जपले होते, आणि मी त्याच्या वाईटावर टपलो होतो.

म्हणून मित्रांनो, दगड फोडलात तर दोन्ही फाळकी एकाच फडक्यात बांधून आणा.

आता आम्ही एकाच कपाटात आहोत. पोरं अजूनही आधी त्यालाच बघतात आणि माझा जळफळाट होतो. पण मावशी त्याची धूळ पुसायला विसरल्या, तर ते मला मुळीच खपत नाही.