दादाचं मौन

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की माणसं काही ना काही सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी सिगारेट, कोणी चहातली साखर. धाकटीच्या दादाने त्या वर्षी बोलणंच सोडलं. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तो घरी आला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला, ती थेट ईस्टरपर्यंत.

वेळ कशी साधली बघा. आदल्याच रविवारी धाकटीने त्याला विचारलं होतं, "दादा, आईला तुझ्याकडे ठेवतोस का?" "बघून सांगतो," एवढंच तो म्हणाला होता.

धाकटी लाँड्रीत इस्त्री करायची. राहायला तिसऱ्या मजल्यावर एक खोली. नवरा नाही, पोर नाही, आई तेवढी तिच्याकडे. आई हल्ली गॅस चालू ठेवून विसरायची. एकदा जिन्यात पडली, तेव्हापासून धाकटी कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायची. आपल्या आईला कुलपात ठेवायचं म्हणजे काय, ते ज्याने ठेवलंय त्यालाच ठाऊक. संध्याकाळी दार उघडावं तर आई दाराशीच बसलेली, आणि तोंडात एकच, "मला माझ्या घरी ने गं." तिचं घर म्हणजे आता दादाचं घर. वडिलांनी बांधलेलं, तळमजल्याचं. पुढे चष्म्याचं दुकान, मागे खोल्या. त्यातल्या एका खोलीत सध्या रिकामी खोकी राहत होती, चांगली ऐसपैस.

चष्मेवाल्याला बोलायला लागतंच कशाला? गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचायचं, दादा मान डोलवायचा आणि भिंग बदलायचा. किंमत पाटीवर लिहून दाखवायचा, त्यामुळे घासाघीस करणाऱ्यांची तर पंचाईतच झाली. अख्ख्या चर्चने त्याला डोक्यावर घेतलं. फादर प्रवचनात मौनाबद्दल बोलले तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या आणि त्याने मान खाली घातली. नम्रपणा अंगात मुरलेला ना!

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की धाकटी आईला घेऊन त्याच्या दारात हजर. वहिनी "यांनाच विचारा" म्हणायची आणि स्वयंपाकघरात पसार व्हायची. धाकटी पाटी पुढे सरकवायची. "हो लिही, नाहीतर नाही लिही. काहीतरी लिही." दादा छातीवर हात ठेवून वर बघायचा. एका रविवारी मात्र त्याने खडू उचलला. आईने खुर्चीतून मान पुढे केली. त्याने सावकाश लिहिलं, 'न्यायनिवाडा करताना पिलाताने विचारलं तेव्हा प्रभूही गप्प राहिला.'

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "प्रभू गप्प राहिला आणि क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालायला लागला," ती म्हणाली. "तू गप्प राहून तो माझ्या खांद्यावर ठेवलास."

दादाने पाटी पुसली.

"अगं, व्रत आहे त्याचं," आई वाटेत म्हणाली. "मोडायला लावू नये. माझ्यासाठीच धरलं असेल त्याने. तू बघ, ईस्टरला सगळ्यात आधी माझ्याशीच बोलेल."

त्या भरवशावर आईला बळ आलं. दाराशी बसायची ती खिडकीशी बसायला लागली. मागच्या खोलीत खाट कुठल्या भिंतीला लावायची ते ठरवायची, आज एक भिंत, उद्या दुसरी. धाकटीला ते ऐकवेना. उत्तम शुक्रवारी, प्रभूला क्रूसावर दिलं त्या दिवशी, क्रूसासमोर गुडघे टेकून तिने एवढंच मागितलं, की देवा, त्याला नाही म्हणू दे, पण एकदाचं म्हणू दे.

ईस्टरची मिस्सा संपली. चर्चच्या पायऱ्यांवर दादाभोवती ही गर्दी. एवढं कडक मौन पाळलेला माणूस पहिला शब्द काय बोलतो, ते ऐकायला सगळे कान टवकारून उभे. धाकटी आईचा दंड धरून वाट काढत पुढे गेली.

"दादा, झाला ईस्टर. आता सांग. आईला नेतोस का?"

दादाने घसा खाकरला. वहिनीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड बोलायला शिकलं नव्हतं तेव्हापासून ती ते वाचत आलेली. तिने हात वर केला आणि तळवा त्याच्या ओठांवर ठेवला.

"नको बोलूस, बाळा," ती हळूच म्हणाली. "इतके दिवस मनाने मी त्या खोलीत राहिले. तू तोंड उघडलंस की मला तिथूनही निघावं लागेल. मी हिच्याकडेच बरी आहे."

धाकटीला रडू फुटलं, रागाने. दादाचे खांदे मात्र सैल पडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी सुटकेचं होतं हे दोघी मायलेकींना कळलं. बाकीच्यांना गहिवरून आलं. त्याने आईचा हात ओठांवरून अलगद काढला, त्याचं चुंबन घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"जशी तुझी इच्छा, आई."

मागून कोणीतरी आमेन म्हटलं.