मागच्या खोलीतली पंगत

ती दातांच्या एका छोट्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे यायचे, ती मेणात एकेक दात बसवत जायची आणि कुणाचं तरी बोळकं भरायचं. हात सफाईदार होता. पण कुणी "छान झालंय" म्हटलं, की तिला वाटायचं, यांना चूक अजून दिसलेली नाही, एवढंच.

पोटदुखीने हैराण होऊन ती डॉक्टरांकडे गेली. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथेही तिने तोंड उघडलं ते, "तुमचा वेळ उगाच खातेय मी," असं म्हणायलाच.

"दुपारी कुणाबरोबर जेवता?" बाईंनी विचारलं.

"एकटीच, कामाच्या टेबलावर. बाकीची दोघं मागच्या खोलीत बसतात."

"तुम्ही का नाही जात?"

"मी गेले की गप्प होतील. माझं काय ऐकायचंय कुणाला?"

लहानपणी घरी पाहुणे आले, की आई बोलक्या भावाला पुढे करायची आणि हिला म्हणायची, "तू आत बस, काहीतरी बावळटासारखं बोलशील." चाळिशी उलटली तरी ती आतच बसलेली होती.

बाई म्हणाल्या, "एकदा डबा घेऊन त्या खोलीत जा. जे घडेल तेवढंच मला येऊन सांगा. तुम्हाला जे वाटेल, ते वेगळं ठेवा."

दोनदा ती दारापर्यंत गेली आणि पाणी भरायला आल्यासारखं करून परतली. शेवटी एकदाची आत शिरली.

आणि खरंच, दोघं गप्प झाली. साच्यांत प्लास्टर ओतणारीचा घास हातातच राहिला. ही परत वळली. तेवढ्यात कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या काकांनी स्टुलावरची आपली पिशवी उचलली. "या, या! आज महाराणी इकडे कशा?"

साचेवालीने त्यांना कोपराने ढोसलं.

"महाराणी?" हिने विचारलं.

काका ओशाळले. "रागावू नका हं. आमच्यात बसणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं, असंच धरून चाललो होतो आम्ही. थोरल्या बाईंनी किती बोलावलं तुम्हाला! दर वेळी तुमचं आपलं, 'काम आहे.' नोकरी सोडतानाही म्हणत होत्या, 'माझं काय चुकलं, कळलं नाही.'"

थोरल्या बाईंनीच तिला मेणकाम शिकवलं होतं. गेल्या वर्षी त्या वारल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर ती चपला न काढता तशीच खाटेवर बसून राहिली. थोरल्या बाई कीव येऊन बोलावतात, असं ती समजून चालली होती. आपल्या नकाराने कुणाला लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यासाठी आपण कुणीतरी आहोत, असं आधी वाटायला हवं होतं.

पुढच्या भेटीत तिने घडलं तेवढंच सांगितलं. "म्हणजे माझं वाटणं चुकीचं निघालं. चांगलंच झालं ना?" असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

समुपदेशक बाईंनी तिची समजूत घातली नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "आज थोरल्या बाई असत्या, तर तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?"

"की त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला त्या फार आवडायच्या."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत ती आता रोज जाऊ लागली. तिथे काही गोकुळ नांदत नव्हतं. दोघांच्या गप्पांतले जुने संदर्भ तिला ठाऊक नसायचे, मग ती उशिरा हसायची, आणि माणसांत बसूनही एकटी पडायची. कधी कधी आपलं टेबलच बरं होतं असं वाटायचं.

परवा कप धुण्यावरून दोघांची जुंपली. साचेवाली हिच्याकडे वळून वैतागून म्हणाली, "जाऊ दे गं, आज तूच धू!"

हिने सवयीने कप गोळा केले. नळाशी जाता जाता मात्र थांबली.

"धुते. पण आज पाळी कुणाची होती, ते आधी खरं सांगा."

काका खिडकीबाहेर बघायला लागले.