टेबलावरचं चाक

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: लाकडी टेबलावर बशीएवढं एक चाक आहे. त्याच्या कडेला आठ लोहचुंबक तिरके चिकटवलेत, भोवती आणखी चार. सेल नाही, वायर नाही, तरी चाक फिरतंय. तासाभराने बघा, तरी फिरतंय. तुम्ही काय म्हणाल?

मामा म्हणाला, आमच्या खुडबुडीने कमाल केली.

खुडबुडी त्याची अकरा वर्षांची भाची; चाक तिनेच बनवलं होतं. मामाचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीत नवी तार भरली की तो ती टेबलाला आवळून दिवसभर चालवून बघे. फार तापली नाही तरच गिऱ्हाइकाला देई. चाक त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

बघायला माणसं जमू लागली. समोरचे लेथवाले काकाही आले; मामाच्या मोटारींचे दांडे तेच लेथवर कातून देत. वीस वर्षं दुपारचा चहा ते मामाबरोबरच घेत. ते वाकले, टेबलावर तळहात टेकवून क्षणभर थांबले. चुंबक जितकं पुढे ओढतो तितकंच मागेही खेचतो, म्हणाले. मग हळूच म्हणाले, "एकदा जमिनीवर ठेवून बघू या का?"

मामाला ते झोंबलं. "पोरीचं कौतुक बघवत नाही होय तुला?"

कोणीतरी म्हणालं, काकांचं डोकंही लेथसारखं एकाच जागी फिरतं. सगळे हसले. काका मान खाली घालून निघून गेले. त्या दुपारी ते चहाला आले नाहीत, दुसऱ्या दुपारीही नाहीत.

काका यायच्या आदल्याच संध्याकाळी मामाने मोटार बंद केल्यावर खुडबुडीने पाहिलं होतं: टेबलाची थरथर थांबली आणि थोड्या वेळाने चाकही थांबलं. चाक फिरवत होती ती थरथर. तिला सगळं कळलं होतं. पण मामा ज्याला त्याला कौतुकाने सांगत सुटला होता, आणि ते ऐकायला गोड वाटत होतं. काकांना लोक हसले तेव्हाही ती गप्प उभी राहिली. तेच तिला आतून खात होतं.

तिसऱ्या दिवशी मामा एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "त्या लेथवाल्याकडे आता एकही काम देणार नाही मी. मनाचा कुजका निघाला."

खुडबुडीने टेबलावरून चाक चुंबकांसकट उचललं आणि कोणाकडे न बघता रस्ता ओलांडला. तिला दारात बघून काकांनी लेथ बंद केला.

"काका, मला आधीच माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिने चाक फरशीवर ठेवलं, बोटाने एक धक्का दिला, आणि समोरच्या दुकानात उभ्या मामालाही ऐकू जाईल अशा आवाजात, ते थांबेपर्यंत एकेक फेरा मोजला.