घरचा माणूस

व्यंकटच्या कानाखाली मी जाळ काढला तेव्हा चिटगुप्प्याच्या त्या माडीवरचे अकराही जण हेडफोन काढून उभे राहिले. व्यंकट पन्नाशीचा, गरीब स्वभावाचा माणूस. आपलं काय चुकलं हेच त्याला कळत नव्हतं, आणि त्याच्या त्या न कळण्यानं मला आणखी एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

मी हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या ॲपवरून लोक घरपोच औषधं मागवतात. बाहेरच्या ज्या कंपन्या आमच्यासाठी ग्राहकांची माहिती हाताळतात, त्यांची तपासणी करणं हे माझं काम. त्यात कुणाला मारणं बसत नाही. पण मी बीदरची, आणि माझा हात तोंडाच्या आधी चालतो.

ही माडी बसवेशची. आमच्या भागात घराला नंबर नसतो. गिरणीच्या मागं, लिंबाजवळ, असे पत्ते येतात. बसवेशची माणसं फोन करून ते नीट करून घेतात. हे काम त्याला मीच मिळवून दिलं होतं. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही बोलणारी माणसं दुसरीकडे कुठं मिळणार? दरवर्षी मी त्याला एकशे त्रेचाळीस प्रश्नांचा फॉर्म पाठवायची. तो सगळीकडे 'होय' लिहून दहा मिनिटांत परत पाठवायचा, आणि मी डोळे मिटून सही करायची. तीन वर्षांत इथे पाऊलही टाकलं नव्हतं. आज आले तीही बीदरला आईकडे जाता जाता.

व्यंकटच्या मागे उभी राहून मी त्याच्या पडद्यावरची यादी वाचत होते. नाव, पत्ता, फोन, आणि शेवटी एक रकाना: घरचा माणूस.

"हे काय?" मी विचारलं. आमच्या यादीत असा रकाना नव्हता.

"बायामान्सं अनोळखी फोन उचलत न्हाईत, अक्का," व्यंकट म्हणाला. "मग घरच्या मान्साला इचारायचं. त्यो सांगतो. पैल्यापासनं असंच करायलाव आमी."

"आणि हे नंबर कुठून आले?"

"तुमच्याच कंपनीनं दिल्ते की, दोन सालाखाली. जपून ठेवलाव."

जपून ठेवलेत! ग्राहकानं नंबर काढायला सांगितला की आम्ही आमच्याकडून काढतो. इथं तो तसाच बसून होता. 'काढायला सांगितलेली माहिती काढता का?' या प्रश्नालाही बसवेशनं 'होय' लिहिलं होतं, आणि खाली माझी सही होती.

मग मला यादीत सौम्याचं नाव दिसलं. हे नाव मला माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी तिनं कंपनीला लिहिलं होतं: माझ्या खात्यातला दुसरा नंबर काढा. तो माझ्या नवऱ्याचा आहे. त्यानं माझं डोकं फोडलंय, मला फिट येतात, त्या फिटच्याच गोळ्या मी तुमच्याकडून मागवते. मी कुठं राहते हे त्याला कळू देऊ नका. उत्तर माझ्या नावानं गेलं होतं: आपली माहिती सर्व ठिकाणांहून काढून टाकली आहे.

"हिला फोन केलास?"

"केलो की. बाईनं उचललंच न्हाई. मग घरच्या मान्साला लावलो. नागेंद्र म्हणून हाय, लई चांगला बोलला. पत्ता वाचून दावलो. गुलबर्गा, टेशनामागं, शोभाबाईची खानावळ, वरची खोली. व्हय व्हय म्हनला. दवा पाठवू नका, मीच जायलोय तिकडं म्हनला."

तेव्हा माझा हात उठला.

फोनचं रेकॉर्डिंग लावलं. सव्वानऊचा फोन होता आणि मागे बीदरच्या बसस्टँडवरची घोषणा ऐकू येत होती. आता दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बसनं बीदरहून गुलबर्ग्याला तीन तास लागतात, आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. आवाज ऐकून आलेल्या बसवेशची कॉलर धरून मी त्याला जिन्यावरून खाली ओढलं आणि त्याच्याच गाडीत कोंबलं.

"मला कामून धरायलाव, अक्का? सई तुमीच करलाव न्हवं?" हुमनाबाद मागं पडल्यावर तो म्हणाला.

"गाडी हाण, न्हाईतर इथंच उतरवून चेचते," मी म्हणाले. खरं बोलला म्हणूनच मला त्याचा एवढा राग आला.

सौम्याला मी वाटेत चौदा वेळा फोन लावला. माझाही नंबर अनोळखी. तिनं उचलला नाही. संदेश पाठवले, ते वाचले गेले नाहीत. एकशे बारावर पोलिसांना लावला. काय झालंय, विचारलं. अजून काही झालं नाही, म्हटलं. मग पलीकडचा माणूस म्हणाला, बघतो, गाडी पाठवतो.

नागेंद्र बसनं आलाच नव्हता. त्यानं कुणाची तरी मोटारसायकल घेतली होती.

स्टेशनमागच्या गल्लीत गाडी वळली तेव्हाच आरडाओरडा कानावर आला. खानावळीच्या पायरीवर शोभाबाई बसली होती. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलेलं, तरी ती बोट वर करून ओरडत होती, "वर हाय, सुरा घेऊन गेलाय माझा, मारतोय की रे लेकराला!" गल्लीतली दहाएक माणसं मान वर करून बघत उभी होती. मी त्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या, आत घुसले आणि चुलीवरचा भाकरीचा तवा उचलला. हात चरचरला. सोडला नाही.

वर त्यानं तिचे केस मनगटाला गुंडाळले होते आणि तिचं डोकं भिंतीवर आपटत होता, शांतपणे, खिळा ठोकावा तसा. दुसऱ्या हातात कांदे चिरायचा सुरा होता आणि तिनं त्याचं पातं मुठीत धरून ठेवलं होतं. तिच्या कोपरावरून रक्ताची धार लागली होती. तिच्या तोंडून आवाजही निघत नव्हता.

पहिला तवा मी त्याच्या कानावर घातला. तो वळला, सुरा तिच्या मुठीतून हिसकावला, आणि तिची दोन बोटं लोंबकळायला लागली. त्यानं सुरा माझ्या पोटाकडे मारला. तो ओढणीत अडकला. दुसरा तवा तोंडावर बसला, दात पडल्याचं मला दिसलं. तिसऱ्याला तो आडवा झाला. बसवेश रडत रडत त्याच्या पाठीवर जाऊन बसला आणि मी मारतच राहिले. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. त्याचं मनगट मोडलेलं मला ऐकू आलं, तेव्हाही मी थांबले नाही.

"मरंल, अक्का! बस करा!" बसवेश माझ्या हाताला लोंबकळला.

पोलिसांची गाडी त्यानंतर आली.

दुपारी चारला सरकारी दवाखान्यात, हाताला पट्टी बांधून बसले असताना हैदराबादहून माझ्या साहेबाचा फोन आला. किती ग्राहकांची माहिती गेली, त्यानं विचारलं. एकाची, मी म्हणाले. त्याचा जीव भांड्यात पडला. शंभराच्या आत असेल तर किरकोळमध्ये टाक, म्हणाला. मी त्याला जे बोलले त्यानंतर नोकरी राहील असं वाटत नाही.

सौम्या शुद्धीवर आली होती. डोक्याला एकवीस टाके, एक बोट वाचलं, एक गेलं. वय चोवीस असेल-नसेल. माझा भाजलेला हात तिनं चांगल्या हातानं धरला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. तुम्ही नसता तर, असं काहीतरी पुटपुटली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"अक्का, त्येला पत्ता कुनी दिला?"

व्यंकटचं नाव सांगता आलं असतं. बसवेशचं सांगता आलं असतं. दोन्ही खोटं नव्हतं.

"मी," मी म्हणाले. "त्याचा नंबर काढला म्हणून तुला लिहिलं होतं, ते मीच. काढलाय की नाही हे मी बघितलंच नव्हतं."

तिनं हात काढून घेतला. रागावली असती तर सोसलं असतं.

"तुमचं उत्तर आलं," ती म्हणाली, "त्या दिवसापासनं मी दाराला कडी घालायचं सोडले."